विधान परिषदेचा आमदार सभागृहात नक्की काय करतो? प्रश्नोत्तरांच्या याद्या कुणी वाचता का?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. परवा अकरावीच्या वर्गात विधिमंडळाचा धडा घेत होते, ७८ सदस्य, त्यातले ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त, हे सगळं फळ्यावर लिहून झालं आणि एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्हाला विधानसभेचं एक, पदवीधरचं एक आणि शिक्षकचं एक अशी तीन मतं. मग ते तीन आमदार तुमच्यासाठी वेगवेगळं काय करतात?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. सहा वर्षांनी एकदा अर्ज क्रमांक १८ भरायचा, पदवीच्या सर्टिफिकेटची साक्षांकित प्रत जोडायची, मत द्यायचं, आणि नंतर तो माणूस सभागृहात काय बोलला हे एकदाही बघायचं नाही. आपणच बघत नसू तर त्या मुलीला काय तोंडानं शिकवणार?

त्या रात्री विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बसले. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नोत्तरांच्या याद्या, अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), कार्यवाही, पीडीएफवर पीडीएफ. दीड तास वाचलं आणि डोकं गरगरलं. प्रत्येक प्रश्नाचा शेवट "हे खरे आहे काय?" आणि निम्म्या उत्तरांत "प्रश्न उद्भवत नाही".

तर विचारायचंय असं की, वरच्या सभागृहातल्या सदस्याचं काम मोजायचं कसं? हजेरीवरून? प्रश्नांच्या संख्येवरून? राज्यसभेबद्दल कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. कृपा करून पक्षांची भांडणं नकोत, ती इतर धाग्यांवर पुष्कळ आहेत.

मोगरा

वाचतेय. छान धागा. ती मुलगी हुशार आहे हो!

साधामाणूस

ताई, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. मोजायचं कशाला, बरखास्त करा. देशात फक्त सहा राज्यांत विधान परिषद आहे, उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणा. बाकीच्यांचं काही अडलंय का? पश्चिम बंगालनं १९६९ ला बंद केली, तमिळनाडूनं १९८६ ला. आणि अधिकार तरी काय, धनविधेयक १४ दिवस ठेवून घ्यायचं, साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना, एकूण चार महिने अडवता येतं, त्यानंतर विधानसभा म्हणेल तेच होतं. निवडणूक हरलेल्या लोकांची सोय आहे ती, मागचं दार.

गोंयकार

आमच्या गोव्यात ४० जणांची विधानसभा आणि राज्यसभेची एकच जागा. वरचं सभागृह नाही म्हणून आमचं काही वाईट चाललेलं नाही. पण आमचं राज्यच एवढंसं, आमदार बाजारात भेटतो, तिथंच विचारता येतं. तुमचा पदवीधर मतदारसंघ पाच-पाच जिल्ह्यांचा, तिथं भेटायचं कुठं आणि विचारायचं कुठं?

निळी_पाटी

@साधामाणूस, "हरलेल्यांची सोय, मागचं दार" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि दर वेळी मला एकच माणूस आठवतो. १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक, उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तीही हरले. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

आता त्या चार वर्षांत काय केलं बघा. १९५३ ला आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलले, भाषावार राज्यांत अल्पसंख्याक जातींचं काय होणार हा मुद्दा लावून धरला. १९५४ च्या ऑगस्टमध्ये परराष्ट्र धोरणावर बोलले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अस्पृश्यता गुन्हे विधेयक राज्यसभेत आलं, त्यावर कलमाकलमानं बोलले, शिक्षा किती असावी, तडजोडीला वाव ठेवावा का, सामाजिक बहिष्काराचं काय. ज्या माणसानं घटनेचा मसुदा केला तो मंत्रिपदावर नसताना मागच्या बाकावरून एका विधेयकाच्या शब्दांवर झगडतोय. माझे आजोबा ती भाषणं मोठ्यानं वाचायचे, आम्ही पोरं ओसरीवर बसून ऐकायचो, त्यामुळं दार मागचं की पुढचं यापेक्षा आत गेलेला माणूस काय करतो हेच मला महत्त्वाचं वाटतं.

साधामाणूस

बाबासाहेबांचं उदाहरण दिल्यावर मी काय बोलणार. पण दादा, एक बाबासाहेब सांगून आजच्या सगळ्यांचं समर्थन होत नाही, एवढं तरी माना.

निळी_पाटी

ते मानतो. म्हणून तर चिंचगुळताईंचा प्रश्न बरोबर आहे, मोजलंच पाहिजे.

कव्हरड्राइव्ह

हजेरीवरून मोजायचं म्हणाल तर सचिन तेंडुलकर नापास. २०१२ ते २०१८ राज्यसभेचा नियुक्त खासदार, हजेरी दहा टक्क्यांच्याही खाली. मी त्याचा भक्त आहे, वानखेडेवर शेवटच्या मॅचला रडलोय, तरी हे लिहितोय.

रेवा

@कव्हरड्राइव्ह, पण पूर्ण सांगा ना. त्यानं प्रश्न विचारले होते, लेखी. धाराशिव जिल्ह्यातलं परांडा तालुक्यातलं डोंजा गाव दत्तक घेतलं, त्याआधी आंध्रातलं एक घेतलं. सहा वर्षांचा पगार आणि भत्ते, जवळपास ९० लाख, पंतप्रधान मदत निधीला दिले. आणि डिसेंबर २०१७ ला खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला तर गोंधळात त्याला बोलूच दिलं नाही, बिचारा दहा मिनिटं नुसता उभा, शेवटी भाषण फेसबुकवर टाकलं. मी तो व्हिडिओ माझ्या मुलांना दाखवला होता.

कव्हरड्राइव्ह

बोलू द्यायला हवं होतं, शंभर टक्के. पण सहा वर्षांत एकदाच उभं राहिलं की त्या एका दिवसाच्या गोंधळावर सगळं अवलंबून राहतं. रोज जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी असते.

तळ्याकाठी

हजेरीबद्दल थोडं. राज्यसभेत हजेरी म्हणजे रजिस्टरवरची सही. सही केली की दैनिक भत्ता, मग आत किती वेळ बसलात ते त्या सहीत दिसत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते सही करत नाहीत, त्यामुळं त्यांची टक्केवारी यादीत नसते, ती शोधू नका. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं, घटनेचं कलम १०१, आणि राज्यांसाठी १९०. पण अधिवेशन संपलेलं असताना किंवा सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकूब असताना ते दिवस धरत नाहीत, म्हणजे ६० दिवस भरायला खूप वेळ लागतो.

उलट बाजूनं लेखक आर. के. नारायण बघा. १९८६ ला राज्यसभेवर नियुक्त झाले. १९८९ ला शाळेच्या मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलले, लहान मुलं वाकून चालतात, त्यांचं बालपण हिरावलं जातंय एवढाच विषय. त्या भाषणाचा माग काढला की पुढं १९९२ ची यशपाल समिती आणि १९९३ चा अहवाल लागतो. आज दप्तराच्या वजनाची जी परिपत्रकं शाळेत येतात ना ताई, त्यांचं मूळ तिथं आहे. भाषणं किती झाली असं मोजलं असतं तर हा माणूस यादीत खालीच दिसला असता.

चिंचगुळ

हे मला माहीतच नव्हतं! दप्तराच्या वजनाचं परिपत्रक आमच्या नोटीस बोर्डावर पिवळं पडलंय.

येरळाकाठचा

सांगली जिल्ह्यातला माणूस हाय, त्यामुळं वि. स. पागे यांचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढं जाऊ देणार नाही.

पागे वाळवा तालुक्यातल्या बागणीचे. १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमी योजना त्यांच्या डोक्यातून आली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिला प्रयोग झाला. मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, सरकारनं ते दिलंच पाहिजे, ही कल्पना त्या काळात कुणाला पटत नव्हती. १९७७ ला दोन्ही सभागृहांनी कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेनं आला.

माझी आजी रोजगार हमीवर पाझर तलावाला जायची. बाहत्तरच्या दुष्काळात तर घरातली झाडून सगळी माणसं कामावर. मुकादम मस्टर घेऊन बसायचा, खड्ड्याची मापं टेपनं घ्यायचा, मधी एक मातीचा थर तसाच ठेवायचे, त्यावरनं किती खोल खणलं ते कळायचं. दुपारी सुकडी (पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची. आजी म्हणायची मिलोची (परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी घशाखाली उतरत नव्हती पण चूल पेटत होती. तो तलाव अजून हाय, यंदा भरला.

आता आपली पगाराची स्लिप काढा. व्यवसाय कर, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीला ३००, वर्षाचे २,५००. तो कर १९७५ ला आणला तो या योजनेला पैसा लागणार म्हणून. मुंबईत एसीत बसणाऱ्याच्या पगारातनं दोनशे रुपये कापून माणदेशातल्या बाईला काम द्यायचं, असा विचार करणारा माणूस वरच्या सभागृहात बसला होता. आणि तुम्ही म्हणता बरखास्त करा.

रेवा

आईशप्पथ, दर महिन्याला तो आकडा बघते आणि कधी विचारच केला नाही कशाचा आहे ते. (बायकांना आता २५ हजारांपर्यंत माफ आहे, पण माझा कापला जातो.)

अर्धविराम

@येरळाकाठचा, आजीबद्दल आदर ठेवून दोन दुरुस्त्या. बाहत्तर-त्र्याहत्तरची बहुतेक कामं ही दुष्काळी मदतीची कामं होती, हमी योजना म्हणून ती नव्हती. योजना नुकतीच सुरू झाली होती, दुष्काळानं तिला गिळलं आणि दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. आपल्याकडं लोकांच्या आठवणीत दोन्ही एकत्र झालंय कारण काम तेच, खडी तीच, मुकादमही तोच.

दुसरं, पागे सभापती होते. सभापती चर्चेत भाग घेत नाही, प्रश्न विचारत नाही, तो चर्चा चालवतो. म्हणजे हे काम त्यांनी सभागृहातल्या आयुधांनी (प्रश्न, लक्षवेधी वगैरे) केलं नाही, बाहेरून केलं, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागं लागून. आणि कायदा व्हायला कामगारांचे मोर्चे, शेतमजुरांच्या संघटना, डाव्या पक्षांची आंदोलनं, हे सगळं कारणीभूत आहे. एकाच माणसाच्या नावावर टाकलं की बाकीच्यांवर अन्याय होतो. मला पाग्यांबद्दल प्रेम आहे, पण धाग्याचा प्रश्न "सदस्य सभागृहात काय करतो" हा आहे.

येरळाकाठचा

दुष्काळी कामांचं मान्य, आजीला दोन्ही एकच वाटायचं, बरोबर बोललात. मोर्चे काढणाऱ्यांचंही मान्य, आमच्या भागातनं ट्रक भरून माणसं गेलेली. पण "बाहेरून केलं" हे कमी कसं? सभापतीच्या खुर्चीवर नसते तर मुख्यमंत्र्यानं विसापूरच्या माणसाचं एवढं ऐकलं असतं का? त्या खुर्चीचा वापर त्यांनी कशासाठी केला ते बघा की.

अर्धविराम

हे पटलं.

पुणे३०

सभागृहातल्या आयुधांचंच उदाहरण हवं तर ग. प्र. प्रधान. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवायचे, पुणे पदवीधरमधून १९६६ ते १९८४, सलग अठरा वर्षं, १९८० ते ८२ विरोधी पक्षनेते. माझे वडील त्यांचे विद्यार्थी. वडील सांगायचे की सर अधिवेशनाहून आले की विद्यार्थ्यांना घरी बोलवून आज काय विचारलं, मंत्र्यांनी काय सांगितलं, कुठं आपला अभ्यास कमी पडला, हे वर्गात समजावल्यासारखं समजावून सांगायचे. मतदाराला हिशोब देणं म्हणतात ते हेच.

आणि राज्यपालनियुक्तांत ना. धों. महानोर, १९७८ ला गेले. कवी म्हणून नेमले, पण ते बोलायचे पाण्यावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतीवर, कारण पळसखेड्यात स्वतः शेती करत होते. नियुक्त सदस्य असा असावा, आपल्या कामाची माती पायाला लागलेली.

मोगरा

थोडं अवांतर, पण कुणीतरी परिषदेच्या मतदानातल्या त्या जांभळ्या पेनाबद्दल सांगा ना. गेल्या वेळी आमच्या काकांनी (निवृत्त मुख्याध्यापक!) स्वतःच्या खिशातल्या फाउंटन पेननं ऐटीत "एक" असं अक्षरात लिहिलं, वर बरोबरची खूण केली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

शाळामास्तर

अरेरे, मत बाद. केंद्रावर जे जांभळं स्केचपेन देतात त्यानंच लिहायचं, आणि आकड्यातच, १, २, ३ असे पसंतीक्रम. अक्षरात लिहिलं तर बाद, टिक केली तर बाद. मराठी आकडा चालतो, इंग्रजी चालतो, रोमन चालतो. काकांना सांगा, चाळीस वर्षं पोरांना "सूचना वाचून उत्तरे लिहा" म्हणालात, आता तुमची फेरपरीक्षा सहा वर्षांनी!

मोगरा

काकांना वाचून दाखवलं, खूप हसले. म्हणाले पुढच्या वेळी आधी सूचनाच वाचेन :)

पुणे३०

आणि दर वेळी मतदार यादी नव्यानं होते हे पण लोकांना माहीत नसतं. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही, पुन्हा अर्ज भरायला लागतो. १ नोव्हेंबर ही तारीख धरून तीन वर्षं आधी पदवीधर झालेला पाहिजे. माझ्या सोसायटीत ३६ पदवीधर आहेत, नोंदणी पाच जणांची. मी दारोदार जाऊन अर्ज दिले होते तरी.

माजी_लिपिक

धागा कालपासून वाचतोय. लिहू का नको करत होतो, पण आता लिहितोच, कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे. ३१ वर्षं एका जिल्हा कार्यालयात नोकरी, त्यातली शेवटची चौदा वर्षं अधिवेशनाचं टेबल माझ्याकडं. कार्यालयाचं नाव सांगत नाही.

तुम्ही यादीत जी चार ओळींची उत्तरं वाचता ना, "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही", त्याच्या मागं काय होतं ते सांगतो. मुंबईहून मेल येतो, पूर्वी फॅक्स यायचा. वर मोठ्या अक्षरात "विधान परिषद तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे". आला की साहेब घरी जात नाहीत. आम्ही तालुक्यांना फोन लावायचो, माहिती आज संध्याकाळपर्यंत, निरंक असली तरी निरंक कळवा. रात्री अकरा वाजता तक्ते जुळवत बसायचो, एका तालुक्याचा आकडा बाकीच्यांशी जुळायचा नाही, मग पुन्हा फोन. कॅन्टीन बंद, शिपाई कुठून तरी वडापाव आणायचा. हिवाळी अधिवेशन असलं तर एक माणूस फाईल घेऊन रात्रीच्या गाडीनं नागपूरला.

आता मुख्य गोष्ट. एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाचं छत गळत होतं. मुलींची खोली, पावसाळ्यात गाद्या गुंडाळून व्हरांड्यात झोपायच्या. दुरुस्तीचा प्रस्ताव आमच्याकडं दोन वर्षं पडून होता. दोन वर्षं. मी स्वतः त्यावर तीन वेळा "सविस्तर टिपणी सादर करावी" लिहून खाली पाठवला होता, कारण एक अंदाजपत्रक जुन्या दरानं होतं. नियमानं बरोबर होतं ते, पण मुली व्हरांड्यातच होत्या.

मग परिषदेतल्या एका सदस्यानं तारांकित प्रश्न टाकला. नाव घेत नाही, ते कुठल्या पक्षाचे ते पण नाही. प्रश्न कसा होता, तर शाळेचं गाव, खोल्या किती, मुली किती, प्रस्ताव कुठल्या तारखेला कुठल्या कार्यालयात आला, आणि शेवटी "विलंबाची कारणे काय आहेत". तारीख होती प्रश्नात. तारीख असली की पळवाट राहत नाही. तो प्रश्न आमच्या टेबलावर आल्यापासून नवव्या दिवशी प्रशासकीय मान्यता निघाली. जी दोन वर्षं निघाली नव्हती ती नऊ दिवसांत. आणि मग उत्तर गेलं: हे अंशतः खरे आहे, दुरुस्तीस मान्यता देण्यात आली आहे.

तो प्रश्न सभागृहात पुकारलाच गेला नाही. यादीत खाली होता, तास संपला, लेखी उत्तर पटलावर ठेवलं, झालं. पेपरात एक ओळ नाही. त्या आमदारानं भाषण केलं नाही, टीव्हीवर दिसला नाही. पण छत झालं, मी पुढच्या जूनमध्ये मुद्दाम बघायला गेलो होतो.

म्हणून चिंचगुळताई, संख्येवर जाऊ नका. एकेका सदस्याच्या नावावर शेकडो प्रश्न असतात, त्यात कितीतरी पेपरातलं कात्रण जसंच्या तसं उतरवलेलं असतं, "अमुक जिल्ह्यात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय?" अशा प्रश्नाला आम्ही "हे खरे नाही" लिहून पाच मिनिटांत मोकळे व्हायचो. नेमकी तारीख, नेमकं गाव, नेमका जावक क्रमांक असलेला एक प्रश्न आला की आख्खं कार्यालय हलायचं.

निळी_पाटी

काका, वाचून गप्प झालो.

रेवा

माजी_लिपिक काका, मनापासून लिहिलंत, तुमची स्वतःची टिपणी पण लपवली नाहीत. मुलींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

साधामाणूस

काका, तुमच्या पोस्टनं माझं मत थोडं हललं. थोडंच हं. माझा मुद्दा असा की नऊ दिवसांत होणारं काम दोन वर्षं पडतंच का? त्यासाठी ७८ आमदार लागावेत हेच चुकीचं आहे.

माजी_लिपिक

बरोबर आहे तुमचं, मी भांडणार नाही. पडतं, कारण खाली विचारणारं कुणी नसतं.

तळ्याकाठी

काकांनी फारच मोलाचं लिहिलंय, त्याला जोडून राज्यसभेचं सांगतो. तिथं रोज १५ तारांकित प्रश्न, १६० अतारांकित. तोंडी उत्तर फक्त तारांकितला, आणि कुणाचा नंबर लागणार ते सोडतीवर. २०१४ पासून तिथला प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ ला असतो, ११ ला शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ. शून्य प्रहरात प्रत्येकाला तीन मिनिटं, वेळ संपली की माईक बंद. विशेष उल्लेख लिहून आणायचा आणि तेवढाच वाचायचा, २५० शब्द.

आणि अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेली, ती शुक्रवारी. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० ला. पण म्हणून ती वाया जातात असं नाही. राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेनं मंजूर केलं, कित्येक दशकांत पहिल्यांदा असं झालं. लोकसभेत ते पुढं गेलं नाही, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ ला कायदा झाला. त्या कायद्यावर तृतीयपंथी संघटनांची नाराजी आहे, शिवांचं विधेयक जास्त चांगलं होतं असं माझंही मत आहे, पण चर्चा संसदेत आणली ती एका सदस्यानं, तीही शुक्रवारी दुपारी, जेव्हा निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असतं.

शाळामास्तर

चिंचगुळ मॅडम, तुम्ही याद्या वाचल्यात म्हणता, मग आपल्या विभागाच्या शिक्षक आमदारांनी काय विचारलंय ते सांगा की. मीही विनाअनुदानितवाला, टप्पा अनुदानात (सरकार शाळेला टप्प्याटप्प्यानं पगाराचं अनुदान देतं त्यात) वीस टक्क्यांवर सात वर्षं काढलीत. "कायम विनाअनुदानित" मधला "कायम" शब्द २००९ ला निघाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते, आणि प्रत्यक्ष पगार सुरू व्हायला मुलगी दहावीत गेली. या विषयावर परिषदेत प्रत्येक अधिवेशनात कुणी ना कुणी बोलतं, नियम १०१ ची लक्षवेधी, २६० चा प्रस्ताव, सगळं झालं. सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले पण आमदार आमच्यासाठी. म्हणजे बोलणारे आहेत. पण काकांनी सांगितलं तसा तारीखवार पाठपुरावा किती जणांनी केला ते मला आता बघावंसं वाटतंय.

येरळाकाठचा

+१. आणि आपण तरी त्यांना तारखा कधी देतो? निवेदन देतो त्यात "आमच्या न्याय्य मागण्या मान्य कराव्यात" आणि खाली सह्या. जावक क्रमांक कुठं असतो त्यात.

चिंचगुळ

चार दिवसांनी येतेय, माफ करा, प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या.

काकांची पोस्ट वाचल्यावर मी पुन्हा याद्या काढल्या, पण आता संख्या मोजत बसले नाही, आपल्या विभागाच्या दोन्ही सदस्यांचे गेल्या तीन अधिवेशनांतले प्रश्न काढले आणि ज्यात तारीख आहे, गाव किंवा संस्थेचा उल्लेख आहे, ते बाजूला ठेवले. पेन्सिलनं खुणा केल्या. खूप कमी निघाले. पण त्यातला एक वाचून मी खुर्चीवरून उठले.

मी इथं लिहिलं नव्हतं, आमच्याकडं एक सहशिक्षिका आहेत, तीन वर्षं चार महिने बिनपगारी शिकवतायत. मान्यता आहे, पण शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक) नाही म्हणून पगार नाही. फाईल एका कार्यालयात आहे, रोज सांगतात पुढच्या आठवड्यात. बाई सकाळी सातला शेजारच्या गावाहून येतात, दुपारी शिकवण्या घेतात, आणि वर्गात कधी कमी पडत नाहीत. मागच्या वर्षी आम्ही सगळ्या शिक्षकांनी मिळून आमदारांना पत्र दिलं होतं, पोच घेतली आणि विसरलो. मला वाटलं गेलं केराच्या टोपलीत.

तर यादीत प्रश्न आहे. अतारांकित. आमच्या संस्थेचं नाव नाही, पण तालुका आहे, शालार्थ आयडीअभावी वेतन न मिळालेल्या शिक्षकांची संख्या विचारली आहे, आणि आमच्या पत्राची तारीख आहे. आमच्या पत्राची! आणि आम्हाला कुणी कळवलंच नाही, ना आमदारांच्या ऑफिसनं, ना आणखी कुणी. आम्हीही बघितलं नाही. उत्तर येऊन पाच महिने झाले.

प्रिंट काढून स्टाफरूममध्ये नेली. बाईंनी दोनदा वाचली, मग घडी घालून पर्समध्ये ठेवली, काही बोलल्या नाहीत. त्या अकरावीच्या मुलीला पण दाखवली, ती म्हणाली मॅडम हे धड्यात का नाही?

उत्तर असं आहे: (१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रकरणे तपासणीस्तरावर आहेत. (३) त्रुटींची पूर्तता झाल्यानंतर उचित कार्यवाही करण्यात येईल.

माजी_लिपिक काका, याचा अर्थ काय लावायचा? आणि आता पुढं काय करायचं?

शाळामास्तर

मॅडम, अंगावर काटा आला.

माजी_लिपिक

पोरी, तिसऱ्या उत्तराखाली पेन्सिलनं रेघ मार. "करण्यात येईल" हे आश्वासन आहे. सभागृहाला दिलेलं आश्वासन आहे, ते आश्वासन समितीपुढं, म्हणजे मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या समितीपुढं, नेता येतं.

आता असं कर. आमदारांना पुन्हा पत्र, पण निवेदन नको. एक पान. प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख, उत्तरातलं ते वाक्य जसंच्या तसं. खाली बाईंच्या मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक, प्रस्ताव कार्यालयात दिल्याची पोच, त्रुटी कळवल्या असतील तर त्याचं पत्र, आणि त्रुटी कळवल्याच नसतील तर ते ठळक लिही, "आजपर्यंत एकही त्रुटी कळवण्यात आलेली नाही". ही ओळ टेबलावर आली की आमच्यासारख्यांना घाम फुटतो. पुढच्या अधिवेशनाची नोटीस द्यायची मुदत आधीच संपते, तेव्हा उशीर करू नको.

त्रुटी कळवल्यात का नाही?

चिंचगुळ

बाईंना आत्ता फोन केला. नाही. तीन वर्षांत एकही नाही. उद्या पहिल्या तासाआधी पत्र टाईप करते.